गाजलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी कशी वाचायची?

प्रश्न : आम्ही सांगलीला राहतो. मुलगा सातवीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. तीन वर्षं कीबोर्ड शिकतोय, ट्रिनिटीची (लंडनच्या संगीत परीक्षांची) ग्रेड 2 झाली आहे. अभ्यासात मध्यम. त्याच्या बाबांना त्याला आठवीपासून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये किंवा सिमल्याच्या बिशप कॉटनमध्ये ठेवायचं आहे. तिथून शिकून गेलेल्या मोठमोठ्या लोकांची यादीच त्यांनी काढून दाखवली. सगळ्यात वर ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. मला निर्णय घेता येत नाही. – एक आई

उत्तर : ताई, यादी खोटी नाही. पण ती ज्यासाठी वाचली जातेय, त्यासाठी ती उपयोगाची नाही. फ्रेडी मर्क्युरीचंच नाव घेऊ, कारण तुमच्या घरात सगळी भिस्त त्याच्यावर दिसते.

फारोख बलसारा हे त्याचं खरं नाव. जन्म 1946, झांझिबारचा. आठ वर्षांचा असताना पाचगणीला आला आणि 1963 पर्यंत तिथे राहिला. संगीताची आवड शाळेच्या लक्षात आली, पालकांना तसं कळवलं गेलं, वेगळ्या शिकवणीची सोय झाली. एवढ्या वर्षांत तो पियानोच्या ग्रेड 4 पर्यंत पोचला. तुमचा मुलगा सातवीत ग्रेड 2 ला आहे, म्हणजे फार मागे नाही! 1958 च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात फारोख पियानोवर होता. मुख्य गायक तो नव्हताच, ते काम ब्रूस मरेचं. बास गिटार नव्हती, म्हणून चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि तार लावून केलेला बास वाजवायचे.

आता त्या पाच जणांचं पुढे काय झालं ते बघा. डेरिक ब्रांच ब्रिटनमध्ये अभिनेता झाला. तिथल्या एका विनोदी मालिकेत त्याने चक्क ‘गुप्ते’ आडनावाच्या नर्सचं काम केलं. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेले आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख झाले. फरांग इराणींनी पुण्यात रेस्टॉरंट चालवलं. शाळा एक, वसतिगृह एक, बँडसुद्धा एकच, आणि वाटा सगळ्या निराळ्या. यातून शाळेने संगीतकार घडवला असा निष्कर्ष काढायचा, तर सेनाधिकारीही त्याच बँडने घडवला म्हणावं लागेल.

शिवाय फारोख पाचगणीहून थेट रंगमंचावर गेला नाही. 1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे त्याने आधी आयलवर्थच्या पॉलिटेक्निकमध्ये कलेचा अभ्यास केला, मग ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. क्वीन बँडचं बोधचिन्ह त्याने स्वतः काढलंय, ते या शिक्षणाच्या जोरावर. यादीत मात्र मधल्या सात वर्षांचा पत्ता नसतो. शाळेचं नाव आणि प्रसिद्धी यांच्यामध्ये सरळ रेघ ओढलेली असते.

सिमल्याची यादी तर आणखी बोलकी आहे. बिशप कॉटन 1859 ची शाळा. लेखक रस्किन बाँड तिथले, हे सगळे सांगतात. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायरही तिथेच शिकला होता. ते नाव कौतुकाच्या यादीत कोण घेणार! जुन्या शाळेतून शेकडो तुकड्या बाहेर पडलेल्या असतात. त्यातले दहा-पंधरा वेचून काढले की यादी झगमगणारच.

तेव्हा प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहून काढा. तो माणूस त्या शाळेत किती वर्षं होता (काही नावं वर्ष-दोन वर्षांचीच निघतात), ज्यामुळे तो गाजला ती गोष्ट शाळेत शिकवली जात होती का, आणि शाळेनंतरची पहिली पायरी कोणती होती. चौथा रकाना घरच्या परिस्थितीचा करा, तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त सांगून जातो.

आता खरा प्रश्न, तुमच्या मुलाचा. बदल करायचा तर आठवी हीच वेळ. या दोन्ही शाळा आयसीएसईच्या. त्या बोर्डाचा नववी-दहावीचा अभ्यासक्रम एकत्र दोन वर्षांचा असतो आणि बोर्डाकडे नोंदणी नववीतच होते, त्यामुळे नंतर घुसणं अवघड. पालकांना भीती गणित-विज्ञानाची वाटते. पण सेमी इंग्रजीच्या मुलाला ते दोन्ही इंग्रजीतून सवयीचे असतात, तो अडखळतो इतिहास-भूगोलात, कारण ते आजवर मराठीतून शिकलेले असतात. इंग्रजीचे दोन पेपर, एक भाषेचा आणि एक साहित्याचा. साहित्यात शेक्सपिअरचं नाटक मूळ भाषेत असतं. विज्ञानाचेही तीन वेगळे पेपर, भौतिक, रसायन, जीव. बहुतेक विषयांत 80 गुण लेखी परीक्षेला आणि 20 अंतर्गत. तिसऱ्या गटातला निवडीचा विषय मात्र निम्मा अंतर्गत असतो, आणि संगीत त्या गटात येतं. शाळेला विचारायचा पहिला प्रश्न हाच : हा विषय तुम्ही खरोखर शिकवता का, आणि गेल्या वर्षी किती मुलांनी घेतला होता? बोर्डाच्या यादीत विषय आहे म्हणून शाळेत शिक्षक असतोच असं नाही.

दुसरा प्रश्न निकालाचा. ‘शंभर टक्के निकाल’ ऐकून थांबू नका. गेल्या पाच वर्षांत नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती दहावीला बसली, हे आकडे मागा. मधली गळती तिथे दिसते. पहिल्या आलेल्याचे गुण ऐकण्यापेक्षा वर्गाची सरासरी विचारा. दहावीनंतर मुलं कुठे गेली तेही विचारा. पन्नास वर्षांपूर्वीच्या नावांपेक्षा मागच्या दोन तुकड्या तुमच्या जास्त कामाच्या. अकरावी-बारावी तिथेच आहे की दोन वर्षांनी पुन्हा सांगली-पुणं शोधायचं, हेही आत्ताच ठरवायला हवं.

सिमल्याबाबत एक अडचण आहे, ती यादीत कधीच नसते. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं, आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. केंद्र सरकारी नोकरदारांच्या मुलांसाठी वगैरे अपवाद आहेत, तुम्ही त्यात बसता का ते बघा. बोर्ड कुठलंही चालतं, राज्य चालत नाही. पाचगणी सातारा जिल्ह्यात आहे, त्यामुळे तिथून दहावी केली तर हा दरवाजा उघडा राहतो. सिमल्याहून केली तर बंद. इंजिनिअरिंगला आई-वडिलांच्या अधिवासावर दुसरा मार्ग निघतो, मेडिकलला तो नाही. आज मुलगा कीबोर्ड वाजवतोय हे खरं, पण पंधराव्या वर्षी त्याचं मन कुठे जाईल ते कोणी सांगावं? फक्त हौसेखातर हा दरवाजा लावून घेऊ नका.

संगीताचं म्हणाल, तर शाळा बदलो न बदलो, ग्रेड थांबू देऊ नका. दहावीपर्यंत ग्रेड 5 होणं शक्य आहे. रोज सलग चाळीस मिनिटं हवीत, रविवारी तीन तास ओढून भरपाई होत नाही. एबीआरएसएम या दुसऱ्या ब्रिटिश परीक्षा मंडळाकडे वळलात तर ग्रेड 6 च्या वादनाआधी ग्रेड 5 ची थिअरी किंवा तिच्या जागी चालणारी परीक्षा पास असावी लागते. ट्रिनिटीत ती अट नाही. वाजवण्याबरोबर ध्वनिमुद्रणाकडे ओढा दिसला तर बारावीला भौतिकशास्त्र सोडू नका, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या साउंडच्या अभ्यासक्रमाला पदवीबरोबर ते लागतं. आणि चित्रकला बरी असेल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएट आत्ताच देऊन टाका, पुढे उपयोजित कलेच्या राज्य सीईटीत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं, हात आधी बसलेला बरा.

पैशांचं : जाहीर फीखेरीज अनामत, गणवेश आणि ब्लेझर, धुलाई, खिशातल्या पैशांचं खातं, वाद्याची वेगळी शिकवणी, परीक्षा शुल्क, सुट्ट्यांचा प्रवास हे सगळं लेखी मागा. वाद्याची शिकवणी फीमध्ये आहे असं समजून चालणारे पालक नंतर फसतात.

आणि शाळा बघायला उन्हाळ्यात जाऊ नका. मे महिन्यात पाचगणी कोणालाही आवडते. जुलैत जा, पसरणी घाट धुक्यात असताना. सुमारे 1,300 मीटर उंचीवर पाऊस दोन-तीन महिने ठाण मांडून बसतो, कपडे वाळत नाहीत, गिटारचं लाकूड फुगतं, कीबोर्डच्या पट्ट्यांखाली दमट हवेने संपर्क बिघडतो आणि सूर अधूनमधून गायब होतात. रियाझाची खोली दाखवा म्हणावं. पियानो किती, त्यातले सुरात किती, एका मुलाच्या वाट्याला आठवड्यात किती वेळ, खोली संध्याकाळी उघडी असते की कुलपात, हे बघून या. मुलाला बरोबर न्या आणि त्याला तिथे दहा मिनिटं वाजवू द्या. यादी घरीच राहू दे.