पहिल्या दोन-तीन सेशनला एवढंच करा

लातूरला समुपदेशक म्हणून नवीन रुजू झालात, घाबरू नका. बिहेवियरल ॲक्टिव्हेशनमध्ये, म्हणजे नैराश्याच्या रुग्णाला छोट्या छोट्या कामांतून सावरायच्या उपचारात, मन लागायची वाट बघत नाहीत. आधी हालचाल, मग मन मागून येतं.

पहिला आठवडा काहीच बदलायला लावू नका. दिवसभर काय केलं आणि मन किती जड होतं, ० ते १० मध्ये, एवढीच नोंद. लिहिता येत नसेल तर घरच्यांकडून कॅलेंडरवर खुणा करून घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

– "रोज तासभर चाला" असलं मोठं काम देतात. सकाळी सातला गोठ्यातल्या म्हशीला पाणी दाखवायचं, इतकं पुरे.
– यादी आपल्याच आवडीची करतात. मी एकदा सोयाबीन हातचं गेलेल्या शेतकऱ्याला बागकाम सुचवलं होतं! त्याची खरी सुटलेली गोष्ट म्हणजे पारावरची संध्याकाळची बैठक. उधारीचा विषय निघेल म्हणून जाईना. माणूस काय टाळतोय, ते आधी शोधा.
– काम झालं नाही की रागावतात. काय आडवं आलं ते विचारा, काम अजून लहान करा.

जीव द्यावासा वाटतो का, हे दरवेळी सरळ विचारा. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घरच्यांनाही द्या.

बाकी तक्ते-फॉर्म नंतर बघू.