वाचकांचे प्रश्न : थीम पार्कमधील चित्रपट, फिल्मवर की डिजिटल?

प्रश्न : फ्लोरिडातील एपकॉट या डिस्नेच्या थीम पार्कमध्ये 'सोअरिन' हा हवेत तरंगत पाहायचा चित्रपट मी पूर्वी पाहिला होता आणि अलीकडे कुटुंबासोबत पुन्हा पाहिला. आता तो फिल्मवर नसून डिजिटल प्रोजेक्टरने दाखवतात, असे तेथे समजले. माझ्या भाच्याच्या मते मोठ्या फिल्मची सर डिजिटलला येत नाही. ते खरे असेल, तर ही उद्याने फिल्म का सोडतात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे, मात्र ती मर्यादा कोठे आहे, हे पाहिल्याशिवाय आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

2001 साली कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या उद्यानात आणि 2005 साली एपकॉटमध्ये 'सोअरिन' सुरू झाले, तेव्हा त्यासाठी आयमॅक्सची 70 मिलिमीटर फिल्म वापरली जात असे. ही फिल्म प्रोजेक्टरमधून आडवी धावते आणि तिच्या एका चौकटीला कडेची पंधरा छिद्रे लागतात. त्यामुळे नेहमीच्या 35 मिलिमीटर चौकटीच्या नऊ-दहा पट क्षेत्रफळ चित्राला मिळते. सुमारे 24 मीटर व्यासाच्या घुमटाकार पडद्यावर बारीकसारीक तपशील टिकत, ते या क्षेत्रफळामुळे. 2001 साली वडाळ्यात सुरू झालेल्या आयमॅक्स घुमटात ज्यांनी असे चित्रपट पाहिले आहेत, त्यांना ही स्पष्टता ठाऊक असेल. शिवाय 'सोअरिन'मध्ये सेकंदाला नेहमीच्या 24 ऐवजी 48 चौकटी दाखवत. याचे कारण साध्या हिशेबाने कळते. एखादा डोंगर चार सेकंदांत एवढा पडदा ओलांडत असेल, तर 24 चौकटींच्या वेगाने तो प्रत्येक चौकटीला पाव मीटर उडी मारतो, आणि अशी उडी डोळ्यांना खुपते. 48 चौकटींना ती निम्मी होते.

आता हाच हिशेब फिल्मच्या बाजूने मांडून पाहावा. पंधरा छिद्रांची एक चौकट म्हणजे सुमारे 71 मिलिमीटर लांबीची फिल्म. सेकंदाला 48 चौकटी, म्हणजे मिनिटाला दोनशे मीटरहून अधिक, आणि पाच मिनिटांच्या एका खेळात जवळजवळ एक किलोमीटर फिल्म प्रोजेक्टरमधून जाते. चित्रपटगृहात एका प्रिंटचे दिवसाला चार-पाच खेळ होतात. उद्यानात मात्र प्रेक्षकांची एक तुकडी उतरली की दुसरी चढते, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तीच फिल्म दर काही मिनिटांनी त्याच दातेरी चाकांवरून धावत राहते. तिच्यावर धूळ बसते, ओरखडे उमटतात, छिद्रांच्या कडा झिजतात आणि चित्र थरथरू लागते. प्रखर झेनॉन दिव्याखाली रंगही हळूहळू उतरतात. म्हणून नव्या प्रिंटचा पहिला दिवस आणि जुन्या प्रिंटचा शेवटचा दिवस यांत मोठे अंतर पडे. फिल्मचे कौतुक करणारे बहुधा तो पहिला दिवस डोळ्यांसमोर ठेवतात. पण दूरवरून तिकीट काढून आलेल्या कुटुंबाच्या वाट्याला कोणता दिवस येईल, याची खात्री कोणी देऊ शकत नसे. डिजिटलचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण हाच आहे, की त्यात हजाराव्या खेळाची प्रतिमा पहिल्या खेळाच्या प्रतिमेइतकीच स्वच्छ असते. दिवा किंवा लेझर मंदावतो, भिंगावर धूळ बसते, हे खरे; पण त्यावर देखभालीने उपाय करता येतो.

दुसरा लाभ कथेचा आहे. 1987 साली डिस्नेलँडमध्ये सुरू झालेले 'स्टार टूर्स', म्हणजे हलत्या आसनांवर बसून पाहायचा अंतराळप्रवास, 70 मिलिमीटर फिल्मवर चाले आणि आसनांची हालचाल त्या एकाच चित्रक्रमाशी बांधलेली असे. 2011 साली ते डिजिटल आणि त्रिमितीय झाले, तेव्हा प्रसंगांचे तुकडे निरनिराळ्या क्रमाने जोडून 54 वेगवेगळे प्रवास दाखवणे शक्य झाले. धावत्या फिल्मवर हे होणे नव्हते.

तरीही 'डिजिटल' ही पाटी लावली म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही, आणि भाच्याची तक्रार येथे खरी ठरते. 4के प्रोजेक्टर आडव्या रेषेत सुमारे चार हजार ठिपके देतो. ते 24 मीटर रुंदीवर पसरले, तर एकेक ठिपका सहा मिलिमीटरचा होतो. 2के प्रोजेक्टर असेल, तर बारा मिलिमीटरचा. सुदृढ डोळ्याला बारा मीटरवरून साडेतीन मिलिमीटरचा भेद कळतो, त्यामुळे हे ठिपके जाणवण्याइतके मोठे आहेत. म्हणूनच मोठ्या घुमटांत अनेक ठिकाणी एकाहून अधिक प्रोजेक्टर लावून त्यांच्या चित्रांच्या कडा एकमेकींत मिसळतात. हा खर्च टाळून एकाच कमकुवत यंत्रावर भागवलेला घुमट चांगल्या फिल्मपेक्षा निश्चितच हलका दिसतो, आणि अशा बदलाला सुधारणा म्हणणे प्रेक्षकांवर अन्याय करणारे आहे.

मूळ चित्रण कशावर आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. ऑरलँडोच्या युनिव्हर्सल उद्यानातील 1999 सालच्या 'स्पायडर-मॅन' सफरीतील दृश्ये संगणकावर घडवलेली असल्यामुळे 2012 साली ती 4के स्पष्टतेने नव्याने तयार करता आली. डिस्नेच्या 'सर्कल-व्हिजन'साठी, म्हणजे प्रेक्षकांच्या चोहोबाजूंच्या पडद्यांवर दाखवायच्या चित्रपटांसाठी, मात्र नऊ कॅमेऱ्यांनी प्रत्यक्ष चित्रण केले जाई. अशा जुन्या चित्रपटाचे डिजिटल रूप झिजलेल्या प्रिंटवरून न करता मूळ निगेटिव्हवरून करावे आणि त्या निगेटिव्ह जपून ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे. मोठ्या फिल्मच्या एका चौकटीत साठलेला तपशील आजच्या प्रोजेक्टरला पुरता दाखवता येत नसला, तरी पुढच्या यंत्रांना तो उपयोगी पडेल.

प्रश्न : 'सोअरिन'च्या नव्या चित्रपटात कडेच्या आसनावरून आयफेल टॉवर वाकडा दिसला. हा डिजिटल प्रोजेक्टरचा दोष आहे का? (एक वाचिका, पनवेल)

उत्तर : नाही. हा वक्र पडद्याचा परिणाम आहे आणि फिल्मवरही तो असाच झाला असता. घुमटावरचे चित्र मध्यभागी बसलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टिबिंदूवरून बरोबर दिसेल, असे बसवलेले असते. आपण जितके कडेला जाऊ, तितक्या उभ्या सरळ रेषा झुकतात. डोंगर, समुद्र आणि फळबागा यांत अशा उभ्या सरळ रेषा नसल्याने ते कोणाच्या ध्यानात येत नाही, पण मनोऱ्यात ते लपत नाही. खरे तर अशी उंच, सरळ वास्तू भर मध्यभागी घेताना दिग्दर्शनातच विचार व्हायला हवा होता. पुढच्या वेळी मधल्या विभागातील पहिली रांग कर्मचाऱ्यांकडे नम्रपणे मागावी. त्यासाठी थोडे अधिक थांबावे लागले तरी थांबावे. मधल्या विभागातून मनोरा सरळ दिसतो, आणि हवेत उचलल्यावर पहिली रांग सर्वांत वर जात असल्याने पुढे कोणाचे लोंबते पायही येत नाहीत.