वाचकांचे प्रश्न : समुद्रतळाची ती विहीर खरोखर बुजली का?

प्रश्न (एक वाचक, कांदोळी) : स. न. वि. वि. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या किनाऱ्यावर यंदाही डांबराचे गोळे आले. त्यावरून बोलणे निघाले आणि आमच्या एका शेजाऱ्यांनी २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात फुटलेल्या तेलविहिरीचा विषय काढला. त्यांचे म्हणणे असे की, कंपनीने आधी लोखंडी घुमट ठेवून पाहिला, मग गोल्फचे चेंडू आणि टायरचे तुकडे कोंबले, काहीच जमले नाही आणि एके दिवशी अचानक विहीर बंद झाल्याचे जाहीर करून टाकले. प्रत्यक्षात ती आजही गळत असणार. आमच्याच किनाऱ्यावर ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज जून २००० मध्ये रुतले आणि ‘आता हलवणार, मग हलवणार’ हे ऐकता ऐकता २०१२ उजाडले. त्यामुळे मलाही त्यांचे म्हणणे पटू लागले आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचा संशय खोटा नाही, पण तो चुकीच्या जागी बसला आहे. त्या प्रकरणात लोकांना फसवले गेले ते तेल किती वाहते या आकड्याबाबत. विहीर बंद झाली की नाही याबाबत नव्हे. नोकरीची बरीच वर्षे मी विहिरी खोदण्याच्या कामावर काढली आहेत, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या की मला राहवत नाही. उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी आकड्याचे पाहू. ‘डीपवॉटर होरायझन’ या खोदकामाच्या तरंगत्या फलाटावर २० एप्रिल २०१० रोजी स्फोट झाला, ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि दोन दिवसांनी फलाट बुडाला. विहिरीचे नाव मकोंडो, ती बीपी या कंपनीची, आणि तिचे तोंड पाण्याखाली सुमारे १,५०० मीटरवर. प्रारंभी गळती दिसत नसल्याचे सांगण्यात आले. मग २४ एप्रिलला दिवसाला १,००० पिंपे आणि २८ एप्रिलला ५,००० पिंपे हा आकडा आला आणि तोच जवळजवळ महिनाभर सरकारी आकडा म्हणून चालू राहिला. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. मेच्या मध्याला पर्ड्यू विद्यापीठातील एका प्राध्यापकांनी समुद्रतळाच्या चित्रफितीतील तेलाच्या लोटांचा वेग मोजून दिवसाला ७०,००० पिंपांच्या आसपासचा अंदाज मांडला, तेव्हा त्यांच्याकडे अतिशयोक्ती करणारे म्हणून पाहिले गेले. पुढे सरकारचा आकडा मेअखेरीस १२,००० ते १९,००० झाला, जूनमध्ये ३५,००० ते ६०,००० झाला, आणि ऑगस्टमध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी जे ठरवले ते असे : सुरुवातीला दिवसाला ६२,००० पिंपे, बंद होण्याच्या वेळी ५३,०००. म्हणजे पहिल्या दिवसांत रोज जवळजवळ ९८ लाख लिटर तेल समुद्रात जात असताना लोकांना त्याच्या साठाव्या हिश्श्याचा आकडा सांगितला गेला होता.

हे केवळ अज्ञानातून घडले असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या कायद्यात अशा गळतीचा दंड त्या वेळी पिंपामागे १,१०० डॉलरपर्यंत लागत असे आणि घोर हलगर्जीपणा सिद्ध झाल्यास तो ४,३०० डॉलरपर्यंत जाऊ शकत असे. ज्याचा दंड पिंपांवर ठरणार त्यालाच पिंपे मोजायला बसवावे, ही व्यवस्थाच वाकडी होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने ज्या गुन्ह्यांची कबुली दिली त्यांत ११ मृत्यूंबरोबर प्रवाहाच्या आकड्याविषयी संसदेची दिशाभूल केल्याचा गुन्हाही होता. जुलै २०१० मध्ये कंपनीने नियंत्रण कक्षाचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले, त्यात रिकामे पडदे दुसरी चित्रे चिकटवून भरलेले निघाले. आता अशा कंपनीने ‘विहीर बंद झाली’ म्हटले तर कांदोळीचाच काय, कुठलाही माणूस हसेल.

मात्र प्रयत्न वारंवार फसले म्हणून ते नाटक होते, हा निष्कर्ष मी मान्य करणार नाही. दीड किलोमीटर खोलीवर पाण्याचा दाब भूपृष्ठावरील हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट असतो, तापमान चार अंशांच्या आसपास असते, माणूस तिथे जाऊ शकत नाही आणि प्रत्येक नट दूरनियंत्रित यंत्राच्या हाताने फिरवावा लागतो. सुमारे शंभर टनांचा घुमट मेच्या पहिल्या आठवड्यात खाली सोडला, तेव्हा तेलाबरोबर येणारा वायू त्या थंडीत आणि दाबात पाण्याशी मिळून बर्फासारखा घट्ट झाला. हा पदार्थ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे घुमटाचे वरचे तोंड बुजलेच, शिवाय घुमटच वर उचलला जाऊ लागला. चेंडू आणि टायर ऐकायला हास्यास्पद वाटतात हे खरे, पण ती जमिनीवरच्या विहिरींत वापरलेली जुनी रीत आहे. विहिरीच्या तोंडावरच्या बिघडलेल्या झडपांच्या फटींत रबराचे तुकडे अडकावेत आणि मग वरून ओतलेला जड ‘मड’ वाहून न जाता खाली बसावा, एवढाच तिचा उद्देश. (मड म्हणजे साधा चिखल नव्हे, खोदकामात तळाचा दाब तोलून धरण्यासाठी मुद्दाम जड केलेला तो द्रव असतो.) मेच्या २६ तारखेपासून तीन दिवस हा प्रयोग चालला आणि फसला.

तो का फसला हे पाहिले की आकडा आणि काम यांचा संबंध लक्षात येतो, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त चीड याचीच येते. वरून मड ढकलून विहीर दाबायची तर खालून येणारा प्रवाह ठरावीक मर्यादेच्या आत हवा. कंपनीच्या आतल्या एका संदेशात ‘प्रवाह फार, १५,००० च्या वर’ असा मजकूर होता, तो पुढे खटल्यात उजेडात आला. प्रवाह दिवसाला ५,००० पिंपे मानला तर हा प्रयोग करून पाहण्याजोगा होता. तो ६०,००० च्या आसपास होता, म्हणून यशाची आशा फारशी नव्हतीच. आकडा लपवल्यामुळे दंड चुकवण्याचा प्रयत्न तर झालाच, पण कोणता उपाय आधी करावा हा निर्णयही त्याच आकड्याने बिघडवला.

शेवटी १२ जुलैला झडपांचा एक नवा मनोरा, ज्याला कॅपिंग स्टॅक म्हणतात, विहिरीच्या तोंडावर बसवला गेला आणि १५ जुलैला त्याची शेवटची झडप बंद झाली. स्फोटानंतरचा तो ८७वा दिवस. इथे सर्वांत मोठी शंका बाहेरच्या लोकांची नव्हती, आतल्यांचीच होती. वरचे तोंड बंद केल्यावर विहिरीची नळी कुठे फुटलेली असेल तर तेल आडवे खडकात शिरेल आणि समुद्रतळ फोडून कुठेतरी दुसरीकडे वर येईल. तसे झाले तर तिथे कसलेच टोपण बसवता येणार नाही. म्हणून असे ठरले होते की, बंद केल्यावर दाब ७,५०० पीएसआयच्या (दर चौरस इंचावरील पौंड, हे दाबाचे माप) वर गेला तर विहीर धड आहे, ६,००० च्या खाली राहिला तर ती फुटलेली आहे आणि ताबडतोब उघडावी. प्रत्यक्षात काटा सुमारे ६,७०० वर रेंगाळला. त्या रात्री झडप पुन्हा उघडावी असे म्हणणारे सरकारी तज्ज्ञ थोडेथोडके नव्हते. अशा वेळी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील एका शास्त्रज्ञाने रातोरात गणित मांडून दाखवले की, जवळजवळ तीन महिने तेल वाहून गेल्यामुळे खालचा साठाच उतरलेला आहे आणि दाब कमी दिसण्याला तेवढे कारण पुरेसे आहे. नळी फुटलेली असायलाच हवी असे नाही. हा शास्त्रज्ञ तेलाचा नव्हे, भूजलाचा अभ्यासक होता. डिचोलीच्या बाजूला खाणीच्या खड्ड्यातले पाणी उपसू लागले की आसपासच्या विहिरींची पातळी उतरते, हे आपल्याकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याचा हिशेब त्याच जातीचा होता. पुढच्या दिवसांत दाब गणिताने सांगितलेल्या चालीनेच सावकाश वाढत गेला आणि झडप उघडावी लागली नाही.

तोंड बंद करणे आणि विहीर मारणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वरून मड आणि सिमेंट भरले गेले. प्रवाह थांबलेला असल्यामुळे आता तो उपाय चालला. दरम्यान मे महिन्यापासून शेजारून तिरकी दुसरी विहीर, म्हणजे रिलीफ वेल, खोदणे चालूच होते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाच किलोमीटर खाली, वीतभर रुंदीच्या नळीला तिने सप्टेंबरच्या मध्याला गाठले, तळातून सिमेंट भरले गेले आणि १९ सप्टेंबर २०१० रोजी विहीर मृत घोषित झाली. आपले शेजारी ‘एके दिवशी अचानक’ म्हणतात. त्या एका दिवसामागे पाच महिन्यांचे खोदकाम होते.

हवे तर त्यांना आणखी दोन उदाहरणे द्यावीत. मेक्सिकोचीच इक्स्टॉक ही विहीर अवघ्या ५० मीटर पाण्यात होती, तरी ३ जून १९७९ रोजी फुटलेली ती २३ मार्च १९८० रोजी बंद झाली. तिमोर समुद्रातली मोंतारा २००९ मध्ये रिलीफ वेलच्या पाचव्या प्रयत्नात सापडली. या कामात अपयश हे नेहमीचे आहे, आणि ते उघड्यावर घडते म्हणून लोकांना जास्त दिसते.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, वास्को) : मकोंडो विहिरीच्या जागी २०१२ मध्ये पुन्हा तेलाचा तवंग दिसला होता आणि ते तेल त्याच विहिरीचे निघाले, असे वाचले. मग वरील दाव्याचे काय? आणि गोव्याच्या किनाऱ्यावर येणारे डांबर कोणाचे, हेही असेच ओळखता येते का?

उत्तर : तवंग दिसला होता हे खरे, आणि तेल त्याच विहिरीचे होते हेही खरे. तरीही ते विहिरीतून आले नव्हते. तेलात काही संयुगे अशी असतात की, ऊन, लाटा आणि जिवाणू यांच्या माऱ्यातही ती टिकतात आणि प्रत्येक तेलसाठ्यात त्यांचे प्रमाण वेगळे असते. म्हणून तेलाचा ठसा घेता येतो. ठसा मकोंडोशी जुळला. परंतु त्याच तवंगात शास्त्रज्ञांना खोदकामाच्या मडमध्ये घातली जाणारी कृत्रिम संयुगेही सापडली, जी जमिनीखालच्या साठ्यात असूच शकत नाहीत. म्हणजे हे तेल बुडालेल्या सामानात अडकून राहिलेले होते. ऑक्टोबरमध्ये कंपनीने एक गळती दाखवली ती मेमध्ये फसलेल्या त्या घुमटाची : तो विहिरीपासून सुमारे ४५० मीटरवर टाकून दिलेला होता आणि त्याच्या पोटातले तेल झिरपत होते. त्याला बूच लावले गेले, आणि यंत्रांनी विहिरीच्या तोंडाची तपासणी केली तेव्हा तिथे गळती आढळली नाही. संशय घेणाऱ्यांमुळे ही तपासणी झाली, हे मला नोंदवावेसे वाटते.

आपल्याकडे हाच ठशाचा अभ्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलेला आहे. नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की खोल समुद्रात सांडलेले तेल घट्ट होत होत किनाऱ्याला लागते, म्हणून मे महिन्यापासून आपल्याला ते दिसते. जाता येता जहाजांनी टाक्या धुऊन सोडलेले पाणी हा त्याचा एक उगम, आणि पश्चिम किनाऱ्यापलीकडची तेलक्षेत्रे हा दुसरा. कुठल्या वर्षीचे कुठले, हे नमुना तपासल्याशिवाय कोणी सांगू नये. म्हणून ‘हे सगळे मुंबई हायचे’ असे ठामपणे म्हणणाऱ्यांवरही तितकाच अविश्वास ठेवावा. (पायाला चिकटलेले डांबर खोबरेल तेलाने निघते, रॉकेल कातडीला लावू नये.)

प्रश्न (एक ट्रॉलरमालक, मालीम) : वर्षानुवर्षे गळती लपून राहिली आणि शेवटी संशय घेणारेच खरे ठरले, असे कधी झाले आहे का?

उत्तर : झाले आहे, आणि मकोंडोपासून फार दूर नव्हे. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळाने मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ समुद्रतळाचा चिखल घसरवला आणि टेलर एनर्जी या कंपनीचा फलाट आडवा झाला. त्याखालच्या विहिरी गाळात गाडल्या गेल्या. त्या पट्ट्यावर वर्षानुवर्षे तवंग दिसत राहिला, आणि कंपनी सांगत राहिली की तळाच्या गाळात मुरलेले जुने तेल झिरपते आहे आणि ते दिवसाला जेमतेम दोन ते चार गॅलन (एक गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर) आहे. याविषयी ओरड करणाऱ्या पर्यावरणवाद्यांना कोर्टात जावे लागले. सरकारी शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये स्वतः मोजले तेव्हा दिवसाला ३८० ते ४,५०० गॅलन असा अंदाज निघाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तटरक्षक दलाने दुसऱ्याच कंत्राटदाराकडून गळतीवर तेल गोळा करणारा घुमट बसवून घेतला. हा घुमट फसला नाही. त्यात दिवसाला सुमारे १,००० गॅलन तेल जमू लागले.