पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये तारखेचा कॉलम व्हारचार (साधा मजकूर) आहे, तो डेट टाइपचा करायला गेलो की 'ऑटोमॅटिकली कास्ट होत नाही' (आपोआप रूपांतर होत नाही) अशी एरर येते. टेबल लाइव्ह आहे, काय करू?

एरर बरोबर आहे हो, पोस्टग्रेस तुम्हाला वाचवतंय. 05/06/2018 म्हणजे 5 जून की 6 मे हे त्याने कशावरून ठरवायचं? ते तुम्ही यूझिंग (जुन्या मजकुराची तारीख कशी करायची ते सांगणारा भाग) लावून सांगायचं. (माझ्या मोबाइलवर मराठी कीबोर्डच आहे, कमांड इंग्रजीत टाइप करा.)

ऑल्टर टेबल सभासद ऑल्टर कॉलम प्रवेश_तारीख टाइप डेट यूझिंग टू_डेट(प्रवेश_तारीख, 'डीडी/एमएम/वायवायवायवाय');

पण ही ओळ लगेच मारू नका. नुसतं ::डेट (थेट रूपांतर) लावूनही भागवू नका, कारण डेटस्टाइल (तारखेचा क्रम ठरवणारं सेटिंग) एमडीवाय, म्हणजे आधी महिना, असेल तर 05/06 चा 6 मे होतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

मी हेच काम एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं, पावणेतीन लाख ओळी, जुना डेटा एक्सेलमधून आलेला. आधी एक सिलेक्ट मारला की दोन आकडे-स्लॅश-दोन आकडे-स्लॅश-चार आकडे या साच्यात न बसणाऱ्या ओळी दाखव, तर जे निघालं ते बघून डोक्याला हात लावला. रिकाम्या स्ट्रिंगा, '-', 'माहीत नाही', 5.6.18, आणि सगळ्यात भारी म्हणजे '१५/०८/२०१८', कुणीतरी मराठी कीबोर्ड चालू ठेवूनच एंट्री मारत बसलं होतं. स्क्रीनवर ते अगदी व्यवस्थित दिसतं, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे रेगेक्समध्ये (मजकुराचा साचा लिहायची पद्धत) 0-9 असंच लिहा, बॅकस्लॅश डी ('कुठलाही आकडा') नको, तो काही लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) देवनागरी आकडेही चालवून घेतो. हे आकडे बदलायला ट्रान्सलेट फंक्शन आहे, आधी कॉलम, मग '०१२३४५६७८९', मग '0123456789', झालं. रिकाम्या स्ट्रिंगांना ट्रिम करून नलइफ लावा, म्हणजे त्यांच्या जागी नल (मूल्यच नाही) येतं.

दोन आकडी वर्षं मात्र हाताने बघा. टू_डेटला चार वाय दिले आणि डेटात नुसतं 18 असेल तर तो बिनतक्रार इसवी सन 18 धरतो, म्हणजे तुमचा सभासद थेट सातवाहनांच्या काळात मेंबर झाला. 31/02 सारख्या तारखांना 10 व्हर्जनपासून एरर येते, त्याआधी तो गुपचूप मार्चमध्ये सरकवायचा.

आता लाइव्हचं. टाइप बदलताना अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तेवढा वेळ ॲक्सेस एक्सक्लूझिव्ह लॉक असतो, साधा सिलेक्टही थांबतो. तीन-चार लाख ओळींना तसा फार वेळ लागत नाही, खरी गंमत लॉक मिळेपर्यंत होते. मी दुपारी चार वाजता मारला, तेव्हा कुणाचा तरी मोठा रिपोर्ट चालू होता, माझा ऑल्टर त्याच्या मागे थांबला आणि नंतर आलेल्या सगळ्या क्वेरी माझ्या मागे, काउंटरवर लोक पासबुक घेऊन उभे आणि स्क्रीन गोल गोल फिरतेय. मॅनेजरसाहेबांचा फोन आला तेव्हा कळलं. म्हणून आधी सेट लॉक_टाइमआउट = '3s' करा, लॉक नाही मिळाला तर ऑल्टर स्वतःच मरतो, मग थोड्या वेळाने परत. आणि रात्रीच करा, उगाच शौर्य नको.

एक बरंय, पोस्टग्रेसमध्ये ऑल्टरसुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये बसतो, म्हणजे कमिट करेपर्यंत मागे घेता येतो. बिगिन करा, ऑल्टर मारा, मिन-मॅक्स तारीख आणि नल किती झाले ते बघा, पटलं नाही तर रोलबॅक. हे बघणं पटकन उरका, कारण तोवर लॉक तुमच्याकडेच असतो. मायएसक्यूएलवर ही सोय नाही, तिथे ऑल्टर आपोआप कमिट होतो, शिवाय मॉडिफायमध्ये नॉट नल आणि डिफॉल्ट परत लिहिले नाहीत तर ते उडतात (हेही अनुभवाने शिकलोय, त्यावर नंतर कधीतरी).

कॉलमवर व्ह्यू (सेव्ह केलेली क्वेरी) असेल तर ऑल्टर नाहीच म्हणेल, तो ड्रॉप करून परत बनवावा लागतो. शेवटी ॲनालाइझ मारा, म्हणजे टेबलाची आकडेवारी ताजी होते. आणि हे सगळं सुरू करण्याआधीच कोडमध्ये सबस्ट्रिंग (मजकुराचा तुकडा कापणारं फंक्शन) शोधा, कारण जुन्या रिपोर्टमध्ये कुणीतरी सातव्या अक्षरापासून चार अक्षरं कापून वर्ष काढलेलं असतंच, ते सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी फुटतात.