कापलेला शेवट

‘मॅडम, मोबाईलवर येईल ते याला खरं वाटतं. आमचं मात्र एक ऐकत नाही.’ समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून या महिन्यात हे मी चौथ्यांदा ऐकलं, म्हणून अथर्वची गोष्ट सांगते. नाव अर्थातच बदललंय.

वय 16. मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी लोकांनी बोहारणीला गेटवर अडवून तिचं गाठोडं उसकटलं. आई रडत होती, हा गप्प.

पहिल्या भेटीत मी चुकलेच. थेट राईनपाडा काढलं. धुळे जिल्ह्यातलं हे गाव. 1 जुलै 2018 ला अशाच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जमावानं जीव घेतला. अथर्व म्हणाला, ‘मग सगळंच खोटं. तुम्ही सांगताय ते तरी कशावरून खरं?’

प्रश्न रास्त होता. नुसतं ‘खोटं आहे’ ऐकवत राहिलं की मुलं विचार करत नाहीत, सगळंच झटकून टाकतात.

पुढच्या वेळी शोधायचं काम त्यालाच दिलं. त्या वर्षी देशभर एक क्लिप फिरली होती : मोटारसायकलवरचे दोघं गल्लीतलं मूल उचलून पळतात. तिचं मूळ त्यानं हुडकलं. ती निघाली कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म! मूळ फिल्ममध्ये ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फिरवणाऱ्यानं नेमकं तेवढंच कापलं होतं. अथर्वनं ते तीनदा पाहिलं.

‘तुझा व्हिडिओ टाकताना तुला काय वाटलं होतं?’ मी विचारलं.

बराच वेळ तो खुर्चीच्या हाताचं रेक्झिन सोलत राहिला. (ती खुर्ची आजवर पुष्कळांनी सोलली आहे.)

‘भारी वाटलं. सगळ्यांच्या आधी मी टाकला. चौतीस अंगठे आले. काका लोक पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले.’

घटना आणि कृती यांच्यामध्ये विचार असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं सूत्र मी इतकी वर्षं सांगत आलेय. तरी इथे मी माहितीतली चूक शोधत बसले होते. पोराला हवा होता मान. हे सापडलं आणि पुढचं काम सोपं झालं.

म्हणून पालकांना सांगते, ‘कुठून आणलंस हे?’ असं दरडावू नका. ‘वाचून काय वाटलं?’ इथून सुरुवात करा. संताप किंवा भीती उसळली असेल तर बोट तिथेच थांबवायचं. मग मेसेजवर दोन बाणांची खूण आहे का बघायचं; असली तर तो मेसेज निदान पाच हात फिरून आलेला असतो. 2020 पासून व्हॉट्सॲप असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं, ते उगाच नाही. आणि हे आधी स्वतःच्या मेसेजवर करून दाखवा. अथर्वनं आईला तिचा कांद्याच्या रसाचा उपाय उघडायला लावला, तर त्यावर दोन बाण! बाई पर्समध्ये चष्मा शोधत राहिल्या.

‘माझी चूक झाली, तो व्हिडिओ खोटा होता,’ असं अथर्वनं आपणहून ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले. त्यातला एक आईचा.