गुंतवणूकदार ऑस्टिनला निघाले, म्हणून?

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमचे गुंतवणूकदार सॅन फ्रान्सिस्को सोडून टेक्ससमधल्या ऑस्टिनला चाललेत, तर कंपनीही हलवावी का, असं विचारतेस. माझं मत स्पष्ट आहे: त्यांच्यामागून जाऊ नकोस.

त्यांचं गणित वेगळं आहे. कॅलिफोर्नियात राज्याच्या आयकराचा वरचा दर 13.3 टक्के आहे, टेक्ससमध्ये वैयक्तिक आयकर नाहीच. ज्याच्याकडे विकायला शेअर आहेत, त्याचे कोट्यवधी वाचतात. तुझ्या पगारात घरभाडं जेमतेम सुटतं, तुझं काय वाचणार? तू ज्यांना ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, दिलेत, त्यांनी कॅलिफोर्नियात काम केलेल्या काळाच्या वाट्यावर ते राज्य नंतरही कर मागू शकतं.

आता तुझ्या माणसांचा विचार कर. दोघं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. ऑफिस दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलं, तर ते तिथे रुजू होण्याआधी दुरुस्त अर्ज दाखल करावा लागतो. ही जोखीम त्यांची, निर्णय मात्र तुझा. मी एकदा असाच निर्णय घेतला होता. आठांपैकी तिघंच माझ्याबरोबर आले, आणि जिने आमचा सगळा कोड लिहिला होता ती राहिली मागे. ते वर्ष मला अजून सलतं.

आणखी एक. कॅलिफोर्नियात नोकरी सोडणाऱ्याला स्पर्धक कंपनीत जाण्यापासून करारानं अडवता येत नाही. हा कायदा 1872 पासूनचा आहे. म्हणून तर तुला मोठ्या कंपन्यांतली अनुभवी माणसं मिळाली. टेक्ससमध्ये वाजवी मर्यादेतले असे करार चालतात.

2020 च्या डिसेंबरात ओरॅकल या बड्या सॉफ्टवेअर कंपनीनं मुख्यालय ऑस्टिनला नेल्याचं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तेच केंद्र. 2024 मध्ये तिचे संस्थापक लॅरी एलिसन मुख्यालयासाठी नॅशव्हिलचं नाव घेऊ लागले. मुख्यालयाचा पत्ता कागदावर बदलतो गं, घरं आणि मुलांच्या शाळा तशा बदलत नाहीत.

तुझं सॉफ्टवेअर चिप कारखान्यांसाठी असतं, तर मीच म्हटलं असतं, नीघ; सॅमसंगचा चिप कारखाना तिथे 1990 च्या दशकापासून आहे. पण तुझे ग्राहक कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड आणि सॅक्रामेंटोची रुग्णालयं आहेत. त्यांच्या बिलिंग विभागात तू आठवड्यातून दोनदा जाऊन बसतेस, म्हणून ती तुझ्याकडे टिकली आहेत.

गुंतवणूकदारांना विचार, पुढच्या फेरीत पैसे घालण्यासाठी स्थलांतराची अट आहे का? उत्तर लेखी घे. आणि एच-वन-बीवरच्या त्या दोघांशी या आठवड्यातच बोल, वकिलाकडे जाण्याआधी.

तुझा,
काका