कोरियन व्हिडिओवरील बंदी नेमकी कोणाची?

प्रश्न : साय या गायकाच्या ‘जंटलमन’ व्हिडिओवर कोरियात बंदी असल्याचे माझी मुलगी सांगते, मग तो आमच्याकडे मोबाइलवर कसा दिसतो आणि तिला तो पाहू द्यावा का?
— एक पालक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : ही बंदी सरकारची नव्हे, तर केबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्थेची असून ती तिच्या प्रसारणापुरतीच आहे, यूट्यूबला ती लागू होत नाही. दक्षिण कोरियात गाण्यांची सरकारी पूर्वतपासणी १९९६ मध्येच संपली. आता केबीएस, एमबीसी, एसबीएस या वाहिन्या आपापल्या निकषांवर तपासणी करतात, त्यामुळे एकीने नाकारलेला व्हिडिओ दुसरीवर दिसू शकतो. एप्रिल २०१३ मध्ये केबीएसने आक्षेप घेतला तो, साय वाहने उभी करण्यास मनाई करणारा रस्त्यावरचा शंकू लाथेने उडवतो, या दृश्यावर : सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान! त्याच व्हिडिओत तो बसू पाहणाऱ्या स्त्रीची खुर्ची मागे ओढतो. आक्षेपाचे कारण म्हणून मात्र शंकूच पुढे यावा, हे मला मनापासून खटकते. व्हिडिओ मुलीसोबत बसून पाहावा आणि त्या खुर्चीच्या प्रसंगाविषयी तिचे मत अवश्य विचारावे.